महाधमनी फाटल्यामुळे होणारा पक्षाघात : ओळख, तपासण्या आणि उपचार

पक्षाघात म्हणजे आपल्या भागात ज्याला लकवा किंवा 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात तो आजार. बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती फुटते, म्हणून पक्षाघात होतो. थोड्या रुग्णांत मात्र मूळ बिघाड मेंदूत नसतो. तो छातीत, हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीत असतो. या रक्तवाहिनीला महाधमनी म्हणतात. तिच्या आतल्या थराला चीर पडली की मेंदूकडे जाणारे रक्त अडू शकते, आणि बाहेरून दिसायला तो साधा पक्षाघातच वाटतो.

हा प्रकार क्वचित आढळतो. तरीही तो माहीत असायला हवा, कारण साध्या पक्षाघातात जीव वाचवणारे गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन या आजारात जीव घेऊ शकते. दोन्हींतला फरक बऱ्याचदा नातेवाइकांनी सांगितलेल्या एका वाक्यावरून आणि दोन्ही हातांची नाडी पाहून लक्षात येतो.

महाधमनी फाटते म्हणजे काय?

महाधमनी हृदयातून वर निघते, छातीत कमानीसारखी वळते आणि पाठीच्या कण्यालगत खाली पोटात जाते. सुरुवातीला तिची रुंदी साधारण ३ सेंटिमीटर असते. विश्रांती घेत असतानाही हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त तिच्यात ढकलते. तिच्या भिंतीला आतला, मधला आणि बाहेरचा असे तीन थर असतात.

आतल्या थराला चीर पडली की दाबाखालचे रक्त त्या चिरेतून मधल्या थरात घुसते आणि थर एकमेकांपासून सोलत पुढे जाते. जुन्या सायकलच्या टायरमध्ये आतले कापड सुटून फुगा येतो, तसाच हा प्रकार. आता रक्ताला दोन वाटा होतात, एक खरी आणि एक खोटी. खोटी वाट फुगली की खरी दाबली जाते. बाहेरचा थरही फुटला तर रुग्ण काही मिनिटांत दगावू शकतो.

आजाराचे दोन मुख्य प्रकार आहेत.

• अ प्रकार : हृदयाजवळच्या चढत्या भागाला इजा झालेली असते. पक्षाघात प्रामुख्याने याच प्रकारात होतो. तातडीची शस्त्रक्रिया लागते.
• ब प्रकार : चढता भाग सुरक्षित असतो, इजा डाव्या हाताकडे जाणाऱ्या फांदीच्या पुढे, खाली उतरणाऱ्या भागात असते. बऱ्याच रुग्णांत औषधांनी उपचार होतात.

यातून पक्षाघात कसा होतो?

महाधमनीच्या कमानीतून तीन मोठ्या फांद्या निघतात. पहिली फांदी उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त देते. दुसरी मेंदूच्या डाव्या बाजूला, तिसरी डाव्या हाताला. मेंदूचा मागचा भाग हाताकडच्या रक्तवाहिन्यांतून निघणाऱ्या शाखांवर चालतो. मेंदूचे रक्त चार प्रकारे कमी होऊ शकते.

१. सोललेला थर मानेतल्या रक्तवाहिनीत शिरतो आणि वाट अडवतो.
२. खोट्या वाटेतले रक्त खऱ्या वाटेला बाहेरून दाबते.
३. चिरेच्या जागी गुठळी तयार होते आणि सुटून मेंदूत जाते.
४. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचते, रक्तदाब कोसळतो आणि सगळ्या मेंदूलाच रक्त कमी पडते.

पहिली फांदी जास्त वेळा सापडते. त्यामुळे मेंदूच्या उजव्या बाजूला इजा होऊन डावा हात-पाय लुळा पडणे अधिक दिसते. फांदी तीच असल्याने उजव्या हाताची नाडीही मंद लागते. डावी बाजू लुळी आणि नाडी उजव्या हातात मंद, अशी जोडी दिसली की डॉक्टरांनी थांबून विचार करावा.

सोललेला थर कधी वाट बंद करतो, कधी सरकून मोकळी करतो. म्हणून काही रुग्णांची कमजोरी अर्ध्या तासात सुधारते आणि पुन्हा येते. 'आता बरं वाटतंय' म्हणून रुग्णाला घरी परत नेऊ नका.

कोणाला धोका जास्त?

• वर्षानुवर्षे वाढलेला आणि नीट आटोक्यात नसलेला रक्तदाब. हे सर्वांत मोठे कारण आहे. हा आजार झालेल्या दर चार रुग्णांपैकी साधारण तिघांना आधीपासून उच्च रक्तदाब असतो.
• तंबाखू, विडी, सिगारेट.
• महाधमनी आधीच फुगलेली असणे, किंवा घरात कुणाला हा आजार झालेला असणे.
• मार्फान सिंड्रोमसारखे जन्मजात आजार. अशी माणसे बहुधा उंच, सडपातळ असतात. हातापायाची बोटे लांब असतात, चष्म्याचा नंबर मोठा असू शकतो.
• हृदयाच्या महाधमनीकडील झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असणे.
• पूर्वी झडपेची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया झालेली असणे.
• अपघातात छातीला जोराचा मार लागणे.
• वरीलपैकी काही असलेल्या स्त्रीला गरोदरपणाचे शेवटचे महिने आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे.

आजार साठीच्या आसपास जास्त दिसतो. चाळिशीच्या आतल्या रुग्णात मात्र जन्मजात कारण शोधावेच लागते.

लक्षणे

नेहमीच्या रुग्णात पहिले लक्षण म्हणजे छातीत, पाठीत किंवा दोन्ही खांद्यांच्या मध्ये अचानक उठलेली भयंकर कळ. ही कळ पहिल्याच क्षणी सर्वाधिक असते. हृदयविकाराच्या झटक्यात दुखणे बऱ्याचदा हळूहळू वाढत जाते, इथे ते एकदम येते. रुग्ण 'कुणीतरी सुरी खुपसली', 'आत काहीतरी फाटलं' असे सांगतात. कळ छातीतून पाठीत आणि तिथून कमरेकडे सरकू शकते. घाम, मळमळ, चक्कर, क्षणभर शुद्ध हरपणे हेही होते.

पक्षाघाताची लक्षणे नेहमीसारखीच असतात. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे किंवा बोलणे बंद होणे, अंधारी येणे, तोल जाणे. पाठीच्या मज्जारज्जूचे रक्त तुटले तर दोन्ही पाय एकाच वेळी लुळे पडू शकतात.

अडचण अशी की पक्षाघात झालेल्या रुग्णाला बोलता येत नाही किंवा शुद्ध नसते. छातीत दुखले होते हे तो सांगू शकत नाही. शिवाय काही रुग्णांना दुखतच नाही. जागतिक नोंदींनुसार शंभरातल्या साधारण सहा रुग्णांना वेदना होत नाही, आणि मेंदूची लक्षणे असलेल्यांत हे प्रमाण आणखी जास्त असते. अ प्रकारच्या रुग्णांपैकी साधारण ६ टक्के पक्षाघात घेऊनच रुग्णालयात येतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंचावन्न वर्षांचे शेतकरी पहाटे उसाला दारे धरायला गेले. रक्तदाबाची गोळी दोन महिन्यांपासून बंद. एकदम पाठीत कळ आली म्हणून बांधावर बसले, मुलाला हाक मारली. मुलगा पोहोचेपर्यंत डावा हात उचलेना, बोलणेही अडखळू लागले. दवाखान्यात आल्यावर घरचे सांगतात, 'लकवा मारलाय'. पाठीतली कळ आता त्यांना बिनमहत्त्वाची वाटते, म्हणून ते सांगत नाहीत. निदानाची किल्ली मात्र त्या कळेतच असते.

गावच्या दवाखान्यात काय तपासता येते?

लासुर्णे, अंथुर्णे, बेलवाडी, निमगाव केतकी अशा गावांच्या दवाखान्यांत सीटी स्कॅन नसते. तरी संशय घेण्यासाठी लागणारी साधने बीपीचे यंत्र, स्टेथोस्कोप आणि बोटे एवढीच आहेत. पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णात पुढील पाच गोष्टी तीन-चार मिनिटांत होतात.

१. नातेवाइकांना विचारणे : 'हात-पाय लुळा पडण्याआधी छातीत, पाठीत, मानेत दुखलं का? एकदम दुखलं की हळूहळू?'
२. दोन्ही मनगटांची, मानेची आणि जांघेतली नाडी चाचपून पाहणे.
३. दोन्ही हातांचा रक्तदाब घेणे. वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक असेल तर संशय वाढतो.
४. रक्तदाब कमी आहे का हे पाहणे. साध्या पक्षाघातात तो बहुधा वाढलेला असतो. पक्षाघात आहे आणि रक्तदाब ९० च्या खाली, हे चित्र विसंगत आहे. एकाच हाताची नाडी दबली असल्यास तिथला आकडा खोटा कमी येतो, म्हणून दुसरा हातही तपासायचा.
५. छातीला स्टेथोस्कोप लावून झडपेतून रक्त मागे गळण्याचा आवाज येतो का ते ऐकणे.

सोबत रक्तातली साखर पाहावी, कारण साखर खूप कमी झाली तरी पक्षाघातासारखी लक्षणे येतात. ईसीजी काढावा, पण तो सामान्य आला म्हणून महाधमनी सुरक्षित आहे असे नाही. चीर हृदयाच्या धमनीपर्यंत गेली तर ईसीजीत हृदयविकाराचा झटका दिसतो आणि गोंधळ आणखी वाढतो. दोन्ही हातांची नाडी सारखी लागली तरीही आजार नाही असे म्हणता येत नाही.

संशय आल्यास चिठ्ठीवर ठळक लिहावे : 'महाधमनी फाटल्याचा संशय. मेंदूसोबत छातीची सीटी अँजिओग्राफी करावी. तोपर्यंत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊ नये.' पुढच्या रुग्णालयाला फोन करून हेच सांगावे.

घरच्यांनी काय करावे, काय करू नये?

करा :
• १०८ ला फोन करा. पक्षाघात आहे आणि छातीत किंवा पाठीत कळ आली होती, हे दोन्ही सांगा.
• लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा.
• रुग्णाला आडवे झोपवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध कमी असेल तर कुशीवर करा.
• चालू औषधांच्या गोळ्या, जुने कागद आणि रेशन कार्ड, आधार कार्ड सोबत घ्या.

करू नका :
• ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी स्वतःहून देऊ नका.
• रक्तदाबाची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकू नका. रक्तदाब एकदम कोसळून मेंदूचे नुकसान वाढते.
• पाणी, चहा, गूळ काहीही पाजू नका. ते फुप्फुसात जाऊ शकते.
• रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका.
• मालिश, नाकात थेंब, लकव्याचे गावठी औषध यांत वेळ घालवू नका.

रुग्णालयातील तपासण्या

पक्षाघाताच्या रुग्णात पहिला सीटी स्कॅन मेंदूचा होतो. त्यात रक्तस्राव आहे की नाही एवढे कळते, महाधमनी दिसत नाही. निर्णायक तपासणी म्हणजे सीटी अँजिओग्राफी. शिरेतून रंगद्रव्य देऊन महाधमनीपासून मेंदूपर्यंतच्या रक्तवाहिन्यांचे चित्र घेतात. हे चित्र मानेपासून सुरू न करता छातीतल्या कमानीपासून घेतले तर फाटलेली महाधमनी त्याच वेळी सापडते. संशय पक्का असेल तर छाती आणि पोट दोन्ही पाहतात.

सोनोग्राफीच्या यंत्राने छातीवरून केलेला इको खाटेशेजारी पाच-दहा मिनिटांत होतो. महाधमनीचा फुगलेला बुंधा, हलणारा सुटा पदर, हृदयाभोवतीचे रक्त त्यात दिसू शकते. मानेच्या सोनोग्राफीतही रक्तवाहिनीतला सुटा पदर दिसतो. छातीच्या एक्स-रेमध्ये मधली सावली रुंद दिसली तर संशय वाढतो, पण अनेक रुग्णांत एक्स-रे सामान्य असतो. डी-डायमर ही रक्ततपासणी या आजारात बहुधा वाढते, मात्र ती इतर अनेक कारणांनीही वाढते. म्हणून संशय दाट असताना तिच्यासाठी थांबू नये.

गुठळीचे इंजेक्शन इथे का चालत नाही?

साध्या पक्षाघातात लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत अल्टेप्लेज किंवा टेनेक्टेप्लेज हे इंजेक्शन देतात. ते गुठळी विरघळवते आणि अनेकांचे अपंगत्व टाळते. म्हणूनच पक्षाघातात घाई करतात, आणि ती योग्यच आहे.

महाधमनी फाटलेली असताना मात्र अडथळा मुख्यतः सुटलेल्या थराचा असतो. औषधाने तो विरघळत नाही. उलट चिरेच्या जागी शरीराने रक्त गोठवून जे तात्पुरते ठिगळ लावलेले असते तेच विरघळते. रक्त हृदयाभोवती किंवा छातीत साचते आणि रुग्ण दगावू शकतो. पक्षाघातावरील उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत महाधमनीच्या कमानीची चीर माहीत असल्यास किंवा तिचा संशय असल्यास हे इंजेक्शन देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. हेपॅरिन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल याही औषधांनी धोका वाढतो.

याचा अर्थ इंजेक्शनला घाबरावे असा नाही. पक्षाघाताच्या बहुसंख्य रुग्णांना ते उपयोगाचेच असते. ते देण्याआधी वरची तीन-चार मिनिटांची तपासणी व्हावी, एवढेच.

तातडीचे उपचार

पहिले काम वेदना कमी करणे आणि महाधमनीवरचा ताण उतरवणे. शिरेतून लॅबेटॅलॉल किंवा एस्मोलॉल देऊन नाडी मिनिटाला ६० च्या आसपास आणि वरचा रक्तदाब १०० ते १२० दरम्यान आणतात. आधी नाडीचा वेग कमी करतात, गरज पडली तर मग रक्तवाहिन्या सैल करणारे औषध जोडतात. उलट क्रमाने केले तर हृदय जोरात धडकू लागते आणि चीर वाढते.

इथे एक ओढाताण असते. रक्ताला भुकेलेल्या मेंदूला जास्त दाब हवा असतो, तर फाटलेल्या महाधमनीला कमी. म्हणून पक्षाघात असलेल्या रुग्णात दाब किती उतरवायचा हे मेंदूची लक्षणे पाहत, अतिदक्षता विभागात ठरवावे लागते. रक्तदाब आधीच कमी असेल तर ही औषधे न देता शिरेतून सलाइन आणि तातडीची शस्त्रक्रिया हा मार्ग असतो.

शस्त्रक्रिया

अ प्रकारात खरा उपचार शस्त्रक्रियाच. फाटलेला भाग काढून तिथे कृत्रिम धाग्याची विणलेली नळी शिवतात. गरज असेल तर झडप दुरुस्त करतात किंवा बदलतात. यासाठी हृदय-फुप्फुस यंत्र लागते. शरीर थंड करून काही वेळ रक्ताभिसरण थांबवतात आणि तेवढ्यापुरते मेंदूला वेगळ्या नळीने रक्त देतात. शस्त्रक्रिया अनेक तास चालते.

धोका मोठा आहे. जागतिक नोंदींनुसार शस्त्रक्रियेनंतरही शंभरातले साधारण १५ ते २० रुग्ण दगावतात. मात्र शस्त्रक्रिया न झालेल्या अ प्रकारच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णालयातच दगावतात. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक तासाला धोका वाढत जातो.

'आता लकवा मारलाच आहे, मग छाती कशाला उघडायची?' असा प्रश्न नातेवाईक विचारतात. उत्तर असे की पक्षाघात झाला म्हणून शस्त्रक्रिया नाकारण्याचा नियम नाही. मेंदूचे रक्त पूर्ववत झाले की काही रुग्णांची कमजोरी बरीच भरून येते. रुग्ण पूर्ण बेशुद्ध असेल, मेंदूचा मोठा भाग आधीच गेला असेल किंवा बरेच तास उलटले असतील, तर फायदा कमी आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो. हा निर्णय हृदय शल्यविशारद, मेंदूविकारतज्ज्ञ आणि कुटुंब यांनी बसून घ्यायचा असतो. दोन्ही शक्यता स्पष्ट विचारून घ्या.

ब प्रकारात रक्तदाब आणि वेदना आटोक्यात ठेवणे हा मुख्य उपचार. एखाद्या अवयवाचे रक्त तुटले किंवा फुटण्याची चिन्हे दिसली तर जांघेतून आच्छादित स्टेंट बसवतात.

या आजाराचे वर्गीकरण आणि शस्त्रक्रिया घडवणाऱ्या अमेरिकन शल्यविशारद मायकेल डिबेकी यांनाच २००५ च्या डिसेंबरात, वयाच्या ९७ व्या वर्षी हा आजार झाला. त्यांच्याच पद्धतीवर आधारलेली शस्त्रक्रिया फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्यावर झाली आणि ते २००८ पर्यंत जगले. वय जास्त आहे एवढ्या एका कारणाने आशा सोडू नये, इतके यातून घ्यावे.

लासुर्णे परिसरातून कुठे जावे?

लासुर्ण्याहून बारामती वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. बारामतीहून पुणे आणखी साधारण शंभर किलोमीटर. सीटी स्कॅन बारामतीत होऊ शकतो. महाधमनीच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र हृदय-फुप्फुस यंत्र, रक्तपेढी आणि अनुभवी शल्यविशारद एकत्र असलेले केंद्र लागते, म्हणजे बहुधा पुणे. निदान पक्के झाल्यावर 'सकाळी बघू' असे करू नये. बारामतीतून निघण्यापूर्वीच पुण्याच्या रुग्णालयाशी बोलणे, सीटीची चित्रे मोबाइलवर पाठवणे, रक्तगट कळवणे यांत तास-दोन तास वाचतात. रुग्णवाहिकेत डॉक्टर, ऑक्सिजन आणि मॉनिटर असावा.

खर्च मोठा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदणी असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. दाखल होतानाच त्याला भेटून कोणती शस्त्रक्रिया योजनेत बसते ते विचारा.

बरे झाल्यानंतर

• रक्तदाब आयुष्यभर १३०/८० च्या खाली ठेवायचा. गोळी कधीही मनाने बंद करायची नाही.
• पहिल्या वर्षात ठरलेल्या वेळी, नंतर साधारण दरवर्षी सीटी किंवा एमआरआय. उरलेली महाधमनी फुगते का ते पाहावे लागते.
• जड ओझे उचलू नये. उसाची मोळी, खताचे पोते, पाण्याची मोटर उचलताना श्वास रोखून जोर लागतो आणि दाब एकदम वाढतो.
• बद्धकोष्ठता आणि सततचा खोकला यांवर उपचार करून घ्या.
• सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातील प्रतिजैविके शक्यतो टाळावीत. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास आजार आधी सांगा.
• लुळ्या हाता-पायासाठी फिजिओथेरपी आणि बोलण्यासाठी वाचा-उपचार लवकर सुरू करा. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वाधिक होते.
• सख्ख्या नातेवाइकांनी, म्हणजे आई-वडील, भावंडे आणि मुलांनी, एकदा इको करून महाधमनीची रुंदी पाहून घ्यावी.

टाळता येतो का?

बऱ्याच अंशी हो, कारण मुख्य कारण रक्तदाब आहे आणि तो मोजता येतो. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी उपकेंद्रात किंवा दवाखान्यात रक्तदाब मोजा. 'मला काही त्रास नाही' हे गोळी बंद करण्याचे कारण नव्हे, वाढलेला रक्तदाब बहुधा त्रास देतच नाही. मीठ, पापड, लोणचे, खारवलेल्या मिरच्या कमी करा. तंबाखू आणि मशेरी सोडा. ऊसतोडीच्या हंगामात किंवा वारीत गोळ्या चुकतात. तुकोबारायांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे याच रस्त्याने जाते, तेव्हा रक्तदाब खूप वाढलेले आणि गोळ्या घरी विसरलेले वारकरी हमखास भेटतात. पिशवीत पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तच ठेवाव्यात.

थोडक्यात : तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते हे दिसले की लगेच रुग्णालय गाठा. आणि त्याआधी छातीत किंवा पाठीत एकदम कळ आली असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते पहिल्या वाक्यात सांगा.